कोपरातल्या दोन तारा

न्हाणीघराबाहेरच्या ओल्या फरशीवर आजी घसरली तर बहुधा मनगट मोडतं. त्याच फरशीवर सहा वर्षांची नात तसाच हात पुढे टेकून पडली, तर मोडण्याची पाळी पुष्कळदा कोपरावर येते. फरशी तीच, पडण्याची तऱ्हा तीच. मग हाड वेगळ्या जागी का मोडावं?

मुलांची मनगटंही मोडतात, आणि संख्येने पाहिलं तर कोपरांपेक्षा जास्तच मोडतात. पण मनगटाला बहुतेक वेळा प्लास्टर पुरतं. फ्रॅक्चरसाठी ज्या लहान मुलाला भूल देऊन ऑपरेशनच्या टेबलावर घ्यावं लागतं, त्याचं मोडलेलं हाड पुष्कळदा कोपरालगतचं असतं. कोपराच्या जरा वर, दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाशी होणाऱ्या या मोडीला डॉक्टर ‘सुप्राकॉन्डायलर फ्रॅक्चर’ म्हणतात. मुलांच्या कोपराच्या फ्रॅक्चरमध्ये निम्म्याहून अधिक वाटा या एकाच प्रकाराचा आहे. पाच ते सात ही त्याची ऐन वयं, आणि उजव्यापेक्षा डावं कोपर जास्त वेळा मोडतं. पूर्वीच्या नोंदींत मुलगे पुष्कळ पुढे असत. अलीकडच्या नोंदींत मुली त्यांच्या बरोबरीला येऊन पोचल्या आहेत.

पहारीचं टोक

दंडाचं हाड खांद्याकडे गोल नळीसारखं असतं. कोपराकडे येता येता ते रुंद आणि चपटं होत जातं. तिथे त्याच्या पुढच्या अंगाला एक खळगा असतो, मागच्या अंगाला दुसरा. दोन्हींच्या मध्ये उरतो तो हाडाचा पातळ पडदा. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला हाडाचे दोन जाडसर खांब असतात, आणि सगळा भार त्यांच्यावर असतो. मागचा खळगा कशासाठी? हात सरळ केला की आपण टेबलावर टेकवतो ते कोपराचं टोक आत सरकून बसायला जागा हवी, म्हणून.

आता पडणाऱ्या मुलाचा हात पाहा. तळवा जमिनीवर, कोपर ताठ, आणि वरून अंगाचं वजन. मोठ्या माणसाचं कोपर सरळ रेषेत येऊन थांबतं. पाच-सहा वर्षांच्या मुलाचे सांध्याचे बंध सैल असतात, त्यामुळे त्याचं कोपर सरळ रेषेच्याही पलीकडे, उलट्या बाजूला वाकतं. अशा वेळी मागच्या खळग्यात घुसलेलं कोपराचं टोक पहारीचं काम करतं. पहारीचं टोक फटीत घालून दांड्यावर भार टाकला की दगड उचकटतो; इथे दांडा म्हणजे ताठ झालेला हात, आणि उचकटतं ते दंडाचं हाड, नेमकं त्या पातळ पडद्याच्या पातळीवर. त्यातून या वयात हाडाच्या या भागाची घडण चालू असते, म्हणून तो आणखी नाजूक. शंभरातल्या पंचाण्णवहून अधिक सुप्राकॉन्डायलर फ्रॅक्चर याच पद्धतीने होतात आणि खालचा तुकडा मागे सरकतो. उरलेली थोडी कोपराच्या टोकावरच आपटल्याने होतात, आणि त्यांत तो तुकडा पुढे जातो.

वयाच्या आठ-दहा वर्षांनंतर बंध घट्ट होतात, हाड भरतं आणि ही पहार चालेनाशी होते. आजीच्या वयात हाडाची झीज मनगटाशी जास्त जाणवते, म्हणून तिथे मोड.

एक्स-रे पाहून घाबरायचं कारण

लहान मुलाच्या कोपराचा एक्स-रे पाहून आईबाप हमखास दचकतात, कारण त्यात हाडांचे सुटे ठिपके तरंगताना दिसतात. ती मोड नसते. मुलाच्या कोपराचा बराचसा भाग कूर्चेचा असतो आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. तिच्यात सहा ठिकाणी हाड तयार होऊ लागतं, साधारण पहिल्या वर्षापासून अकराव्यापर्यंत, ढोबळ मानाने दर दोन वर्षांनी एक. कुठल्या वयात किती ठिपके दिसायला हवेत हा क्रम डॉक्टरांना पाठ असतो. तरी शंका राहिली तर ते दुसऱ्या, चांगल्या हाताचाही एक्स-रे काढून ताडून बघतात.

मोड किती गंभीर आहे हे ठरवायला जगभर मुख्यतः एक जुनी मोजपट्टी वापरली जाते. अमेरिकेतल्या जॉन गार्टलंड या सर्जननी ती १९५९ साली मांडली. पहिल्या प्रकारात हाडाला नुसती चीर असते, तुकडा जागेवरच. दुसऱ्यात तुकडा मागे कलतो, पण मागच्या बाजूचं हाड बिजागरीसारखं अजून धरून असतं. तिसऱ्यात दोन तुकड्यांचा संबंध पुरता सुटलेला. अनुभवी सर्जनसुद्धा या फ्रॅक्चरकडे धास्तीनेच जातात, असं गार्टलंडनी त्याच लेखात नोंदवलं होतं. ती धास्ती हाडापेक्षा हाडापुढून जाणाऱ्या गोष्टींची होती.

आधी हात, मग हाड

कोपराच्या पुढून हाताला रक्त पुरवणारी मुख्य रक्तवाहिनी जाते, आणि तिला लागूनच एक मोठी नस. तिसऱ्या प्रकारात खालचा तुकडा मागे जातो तेव्हा वरच्या हाडाची धारदार कड पुढे येते, ती थेट यांच्यावर. त्यामुळे चांगला डॉक्टर एक्स-रेच्या आधी मुलाचा तळहात पाहतो. तो गुलाबी आहे का, ऊबदार आहे का, मनगटाशी नाडी लागते का? हात पांढरा आणि गार पडला असेल तर एक क्षणही थांबायचं नसतं. हात गुलाबी आहे पण नाडी लागत नाही, ही मधली अवस्था जास्त डोकेदुखीची. हाड जागेवर बसवलं की पुष्कळदा नाडी परत येते. हात गुलाबी असूनही ती आली नाही, तर लगेच रक्तवाहिनी उघडून पाहायची की हातावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं, यावर सर्जन मंडळींत अजून दोन तट आहेत.

नसांची तपासणी गमतीची असते. रडणाऱ्या मुलाला ‘इथे कळतंय का, तिथे कळतंय का’ विचारून काही हाती लागत नाही. म्हणून त्याला दगड-कागद-कात्री खेळायला लावतात. मूठ वळली तर एक नस ठीक, पंजा ताठ उघडला तर दुसरी, दोन बोटांची कात्री झाली तर तिसरी. शेवटी अंगठा आणि तर्जनी जुळवून ‘ओके’ची खूण करायला सांगतात. ती गोल न होता चपटी झाली, तर या फ्रॅक्चरमध्ये सर्वांत जास्त वेळा दुखावणारी एक बारीक फांदी दबली आहे असं समजायचं. दबलेल्या नसा बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप पूर्ववत होतात. मात्र ही नोंद ऑपरेशनच्या आधीच कागदावर हवी, नाहीतर नस पडल्यामुळे दबली की ऑपरेशनमुळे, हे पुढे कुणालाच सांगता येत नाही.

खरी भीती आहे ती सुजेची. कोपराखालचे स्नायू ताठ आवरणाच्या कप्प्यांत बंद असतात. कप्प्यात सूज वाढली की दाब वाढतो, स्नायूंना रक्त मिळत नाही आणि काही तासांतच ते मरू लागतात. मेलेला स्नायू आक्रसतो, बोटं आत वळतात आणि पंजा कायमचा आकड्यासारखा वळतो. जर्मनीतल्या हाले इथल्या रिचर्ड फॉन फोल्कमान या सर्जननी १८८१ साली हे दुखणं नीट उलगडलं. घट्ट बांधलेल्या पट्ट्यांनी रक्तपुरवठा तुटतो आणि हे घडतं, असं त्यांचं सांगणं होतं. (हेच फोल्कमान ‘रिचर्ड लेआंडर’ या टोपणनावाने परीकथा लिहीत आणि त्या जर्मन घरांत आवडीने वाचल्या जात.) या आकडी पंजाला आजही त्यांचंच नाव आहे.

वाकवावा तरी पंचाईत, सरळ ठेवावा तरी पंचाईत

हाड तारांनी धरून ठेवण्याची पद्धत येण्याआधी डॉक्टर काय करत? मागे गेलेला तुकडा ओढून पुढे आणायचा आणि तो पुन्हा घसरू नये म्हणून कोपर चांगलं मुडपून बांधायचं. नव्वद अंशांच्या बरंच पलीकडे, जवळजवळ हात खांद्याला लागेपर्यंत वाकवलं की मागचं शाबूत आवरण ताणलं जातं आणि तुकडा जागेवर राहतो.

पेच इथेच होता. कोपर सुजलेलं असताना ते इतकं वाकवलं की पुढची रक्तवाहिनी चिमटते. रक्त वाहावं म्हणून कोपर थोडं सैल करावं, तर हाड घसरतं. हाडाला जी स्थिती मानवते तीच हाताला मारक ठरते. फोल्कमान यांच्या आकडी पंजांची कितीतरी उदाहरणं या पेचातून आली.

दुसरा मार्ग होता वजनं लावून हात ताणून ठेवण्याचा. जॉन डनलॉप यांनी १९३९ मध्ये वर्णन केलेली एक पद्धत अनेक वर्षं चालली: मूल खाटेवर उताणं, हात बाजूला, त्वचेला चिकटवलेल्या पट्ट्यांना टांगलेली वजनं. रक्तपुरवठ्याचा धोका त्यात कमी, पण सहा वर्षांच्या मुलाला दोन-तीन आठवडे खाटेला जखडून ठेवायचं म्हणजे मुलाची आणि वॉर्डातल्या सिस्टरांचीही परीक्षाच. त्यातून हाड थोडं वाकडं जुळून येण्याची शक्यता होतीच.

वाकडं जुळलं तर वाढीत सरळ होणार नाही का? मनगटात होतं. तिथे हाडाच्या वाढीचं मोठं केंद्र असतं, त्यामुळे तिथला वाक काही वर्षांत भरून निघतो आणि डॉक्टर निर्धास्तपणे ‘होईल सरळ’ म्हणतात. दंडाच्या हाडाची गोष्ट उलटी आहे. त्याच्या लांबीची ऐंशी टक्के वाढ खांद्याच्या टोकाला होते, कोपराशी उरते जेमतेम वीस टक्के. इथे बाजूला झालेला वाक तसाच राहतो. आपला हात सरळ लोंबता ठेवला की कोपरापासून तो अंगाच्या किंचित बाहेर झुकतो. या मुलांचा आत झुकतो. हात चालतो, पण दिसायला विचित्र दिसतो, आणि मूल अर्ध्या बाह्यांचा शर्ट टाळू लागतं.

तारेने काय बदललं

जर्मन सर्जन मार्टिन किर्शनर यांनी हाडात घालायच्या बारीक पोलादी तारांची कल्पना १९०९ मध्ये आणली. आजही ऑपरेशन थिएटरात त्यांना ‘के-वायर’ म्हणतात. १९४८ मध्ये स्वेन्सन यांनी मुलांच्या कोपरासाठी त्या वापरल्याचं लिहिलं. फ्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये अशा उपचारांचा सोळा वर्षांचा अनुभव प्रसिद्ध केला तेव्हा मात्र वारं फिरलं. त्यांच्या लेखाच्या नावातच ‘आंधळेपणाने तार घालणं’ असा उल्लेख होता, म्हणजे जखम न उघडता, हाताच्या अंदाजाने.

पुढे सी-आर्म आला. इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराचं हे एक्स-रे यंत्र टेबलाभोवती फिरतं आणि पडद्यावर हाड तिथल्या तिथे दाखवतं. आंधळेपणा संपला.

आज थिएटरात घडतं ते साधारण असं. भूल दिल्यावर सर्जन हात हळूहळू ओढतो, तुकड्याचं बाजूला सरकणं दुरुस्त करतो, मग अंगठ्याने कोपराचं टोक पुढे दाबत कोपर वाकवतो. सी-आर्मवर पुढून आणि बाजूने खात्री झाली की कोपराच्या बाहेरच्या अंगाने, त्वचेतूनच, दीड ते दोन मिलिमीटर जाडीच्या दोन तारा तिरप्या घालतो. गरज वाटली तर तिसरी. त्या एकमेकींपासून लांब, फाकलेल्या असाव्या लागतात, नाहीतर तुकडा त्यांच्याभोवती गिरकी घेतो. तारांची टोकं त्वचेबाहेर वाकवून ठेवतात आणि वर अर्धं प्लास्टर, म्हणजे स्लॅब. सगळं सुरळीत झालं तर एकही टाका पडत नाही.

मुख्य गोष्ट अशी की आता कोपर फार वाकवून बांधावं लागत नाही. हाड तारा धरतात, त्यामुळे हात सैल, नव्वद अंशांच्या आत ठेवता येतो आणि रक्त मोकळं वाहतं. जुना पेच या दोन तारांनी सोडवला.

तारांनी स्वतःचा एक प्रश्नही आणला. मजबुतीसाठी एक तार बाहेरून आणि एक आतून घालण्याची रीत होती. पण कोपराच्या आतल्या अंगाला, जिथे धक्का लागला की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, तिथून एक नस जाते. लॉस एंजेलिसच्या डेव्हिड स्कॅग्ज आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ३४५ फ्रॅक्चरचा हिशेब मांडला. फक्त बाहेरून तारा घातलेल्या १२५ मुलांत ही नस एकदाही दुखावली नव्हती. कोपर फार न वाकवता आतून तार घातलेल्यांत ४ टक्के, आणि कोपर फार वाकवून आतून तार घातलेल्यांत १५ टक्के मुलांना इजा झाली होती. तेव्हापासून बाहेरच्या तारांकडे कल वाढला. आतली तार लागलीच, तर छोटा छेद घेऊन नस बाजूला धरायची आणि कोपर थोडं सरळ करून मगच ती घालायची, असा शिरस्ता पडला.

मध्यरात्री की सकाळी?

पूर्वी असं मूल रात्री अकराला आलं तर मध्यरात्रीच टेबलावर जाई. सिनसिनाटीच्या चार्ल्स मेलमन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये १९८ मुलांची तुलना केली: आठ तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेली आणि त्यानंतर झालेली. गुंतागुंतीत लक्षणीय फरक दिसला नाही. आता हात गुलाबी, नाडी चांगली आणि सूज बेताची असेल तर मुलाला रात्रभर स्लॅबमध्ये ठेवून सकाळी ताज्या हातांनी काम करणं अनेक ठिकाणी पसंत करतात. ब्रिटनच्या ऑर्थोपेडिक संघटनेची मार्गदर्शक तत्त्वंही तेच सांगतात. ‘डॉक्टरांनी रात्रभर नुसतंच ठेवलं’ ही तक्रार म्हणून दर वेळी खरी नसते. रक्तपुरवठा बिघडलेला असेल, जखम उघडी असेल किंवा वेदना वाढतच चालल्या असतील, तर मात्र सकाळची वाट बघायची नाही.

मोडी वाढल्या की शस्त्रक्रिया?

स्वीडनमधल्या माल्मो शहराने आपले जुने एक्स-रे जपून ठेवले. त्यांच्या आधारे लेनार्ट लांदिन यांनी १९५० ते १९७९ या काळातली मुलांची ८,६८२ फ्रॅक्चर मोजली. तीस वर्षांत प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं होतं. पुढे १९९३-९४ मध्ये त्याच शहरात पुन्हा मोजलं, तर सत्तरच्या दशकाच्या अखेरीपेक्षा प्रमाण थोडं उतरलेलं आढळलं. म्हणजे मोडींचा आलेख एकसारखा चढत नाही. मुलं कुठे आणि किती खेळतात, उडी मारायला ट्रॅम्पोलिन आहे का, लोंबकळायच्या दांड्यांखाली काँक्रीट आहे की मऊ गादी, यावर तो वरखाली होतो. २०२० मध्ये शाळा आणि मैदानं बंद होती तेव्हा अनेक देशांत मुलांची फ्रॅक्चर एकदम घटली.

शस्त्रक्रियांचा आलेख मात्र वेगळा चालला. फिनलंडच्या राष्ट्रीय नोंदींत १९९७ ते २००६ या काळात मुलांच्या फ्रॅक्चरवरच्या शस्त्रक्रिया वाढलेल्या दिसतात. कारणं उघड आहेत. भूल सुरक्षित झाली, सी-आर्म सर्वत्र पोचला, आठवडेच्या आठवडे वजनं लावून ठेवण्यापेक्षा एका रात्रीचा मुक्काम परवडू लागला, आणि फक्त मुलांची हाडं पाहणारे सर्जन तयार झाले. आपल्याकडेही तालुक्याच्या गावच्या खाजगी रुग्णालयात आता सी-आर्म दिसतो.

तिसऱ्या प्रकारात तारेबद्दल वाद नाही, पहिल्याला साधं प्लास्टर पुरतं. खरी ओढाताण दुसऱ्यात आहे. अमेरिकेतल्या ऑर्थोपेडिक अकादमीच्या २०११च्या मार्गदर्शक तत्त्वांनी सरकलेल्या दुसऱ्या प्रकारालाही तार सुचवली. पण त्यातली थोडीशीच कललेली हाडं नुसत्या प्लास्टरमध्ये चांगली जुळतात, असं मानणारे सर्जनही कमी नाहीत. अशा मुलाच्या पालकांनी ‘बाजूच्या एक्स-रेत दंडाच्या हाडाच्या पुढच्या कडेची रेष खालच्या गोल ठिपक्यातून जाते का?’ एवढं विचारावं. ती मधोमध जात असेल तर हाड जागेवर आहे. तो ठिपका बराच मागे राहत असेल तर तारेची बाजू बळकट होते.

शेजारची फसवी मोड

कोपराच्या बाहेरच्या अंगाचा कोपरा तुटणं हा वारंवारितेत दुसऱ्या क्रमांकाचा प्रकार. सूज कमी, एक्स-रेत हाडाची बारीक चकती तेवढी सरकलेली, म्हणून ‘छोटंसंच आहे’ असं वाटतं. प्रत्यक्षात तुकड्याचा मोठा भाग न दिसणाऱ्या कूर्चेचा असतो आणि मोड थेट सांध्यात शिरलेली असते. सांध्यातलं पाणी फटीत शिरत राहतं, स्नायू तुकड्याला ओढत राहतात आणि हाड न जुळताच राहू शकतं. मग कोपर वर्षानुवर्षं बाहेर झुकत जातं, आतली नस ताणली जाते आणि ऐन तारुण्यात करंगळी बधिर होऊ लागते. म्हणून इथे दोन मिलिमीटरहून जास्त अंतर दिसलं की सर्जन शस्त्रक्रियेकडे झुकतात. प्लास्टरवर भागवायचं ठरवलंच, तर आठवड्याभरात पुन्हा एक्स-रे चुकवायचा नाही.

चौकट: मूल हातावर पडलं, कोपर सुजलं

• हात आहे त्या स्थितीत, थोडा वाकलेला, पुठ्ठा किंवा घडी केलेलं मासिक लावून ओढणीने गळ्यात अडकवा. सरळ करायला किंवा ‘बसवायला’ जाऊ नका.
• बांगड्या, कडं, अंगठी, काळा दोरा, ताईत लगेच काढा. सूज चढल्यावर ते रुततात.
• तेल लावू नका, मालीश करू नका, घट्ट पट्टी बांधू नका.
• भूल द्यावी लागू शकते, म्हणून डॉक्टर सांगेपर्यंत खायला-प्यायला देऊ नका.
• प्लास्टरनंतर मूल अस्वस्थ होत असेल, औषधानेही वेदना वाढत असतील, बोटं हलकेच सरळ केल्यावर किंचाळत असेल किंवा बोटं पांढरी-निळी, गार पडली असतील, तर दिवस-रात्र न पाहता रुग्णालय गाठा.

हाडवैद्य आणि मालीश

महाराष्ट्रात आजही कित्येक मुलं आधी हाडवैद्याकडे जातात. जवळ, स्वस्त, ओळखीचा माणूस, आणि ‘ऑपरेशन’ हा शब्द नाही, ही आकर्षणं समजण्यासारखी आहेत. साध्या मुरगळीत त्यात फारसं बिघडतही नाही. सुजलेल्या कोपरावर बांबूच्या कामट्या आवळून बांधणं हे मात्र फोल्कमान यांनी सांगितलेल्या संकटाला दिलेलं आमंत्रण आहे. दुसरा धोका मालिशीचा. ताज्या दुखावलेल्या कोपराला रोज जोराने चोळलं आणि ताणलं, तर जवळच्या स्नायूंत नको तिथे हाड धरू शकतं आणि सांधा कायमचा आखडतो. तीन आठवड्यांनी असं मूल सर्जनकडे येतं तेव्हा हाड वाकडं जुळत आलेलं असतं, आणि सोपी तार घालण्याची वेळ निघून गेलेली असते. आत झुकलेलं कोपर नंतर हाडाची छोटी पाचर काढून सरळ करता येतं, पण ती मोठी, टाक्यांची शस्त्रक्रिया आहे.

तारा निघाल्यावर

मुलांचं हाड तीन-चार आठवड्यांत पुरेसं जुळतं. त्यानंतर तारा ओपीडीतच, सहसा भूल न देता, ओढून काढतात. मूल रडतं ते वेदनेपेक्षा पक्कड पाहून. कोपर तेव्हा आखडलेलं असतं आणि घरच्यांना व्यायामाची घाई होते. सिएटलमधल्या डॉक्टरांनी या मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले, एकाला फिजिओथेरपी, दुसऱ्याला काहीच नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत फिजिओथेरपीचा वेगळा फायदा दिसला नाही. बहुतेक मुलांना जेवण, अंघोळ आणि हलके खेळ एवढा व्यायाम पुरतो. हात धरून जबरदस्तीने ताणणं तेवढं टाळायचं. हालचालीचा मोठा भाग पहिल्या काही आठवड्यांतच परत येतो, शेवटचे थोडे अंश भरून यायला कधी कधी वर्षही लागतं.